कौल लावताना

देवळात कौल लावावयाचा झाला म्हणजे जाणती माणसे आधी प्रश्नावर घटकाभर घालवितात. कोणत्या बाजूची पाकळी पडली म्हणजे होकार व कोणत्या बाजूची म्हणजे नकार, हे तर ठरतेच; परंतु त्याहून अधिक काळजी गाऱ्हाण्याच्या शब्दांची घेतली जाते. प्रश्न दुहेरी नसावा, त्यात उत्तर दडलेले नसावे, आणि ज्या दोन पक्षांचा तंटा असेल त्या दोघांनाही तो आपलाच प्रश्न वाटावा. प्रश्न संदिग्ध निघाला तर पडलेली पाकळीही मोजीत नाहीत. पुन्हा मागणे करतात. श्रद्धेची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवून निव्वळ पुराव्याच्या कायद्याच्या दृष्टीने पाहिले तरी या रीतीत मोठे शहाणपण आहे. सरतपासणीत साक्षीदारास सूचक प्रश्न विचारू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा याहून फारसा निराळा नाही.

हल्ली दुसऱ्याच एका प्रकारचे कौल देशोदेशी लावले जातात. परदेशातून येऊन वसणाऱ्या माणसांविषयी त्या त्या देशातील रहिवाशांना काय वाटते, हे प्रश्नपत्रिका घेऊन घरोघर विचारावयाचे, उत्तरांचे आकडे करावयाचे, आणि मग देशांची उतरंड लावून अमुक देश उदार, तमुक देश संकुचित, असा निवाडा द्यावयाचा. वृत्तपत्रांतून हे निवाडे आपणांपर्यंत पोहोचतात आणि आपणही ते मुकाट्याने वाचून पुढे जातो. मीही जात होतो. परंतु गेल्या वर्षी आमच्याकडील एका देवस्थानच्या मंडळाचे कागद सल्ल्यासाठी माझ्या मेजावर आले, आणि या विषयात डोके घालणे भाग पडले.

प्रकरण लहानसेच होते. मंडळाच्या सभासदत्वाचा नियम बदलावयाचा होता. त्यासाठी गावात एक चिठ्ठी वाटली गेली होती व तिच्यावर एकच प्रश्न होता: ‘बाहेरून आलेल्यांस पंचमंडळात घ्यावे काय? होय अथवा नाही.’ ‘नाही’वरील खुणा बऱ्याच अधिक भरल्या. सोबत एका उत्साही गृहस्थांनी वर्तमानपत्राचे कात्रण जोडले होते. त्याचा मथितार्थ असा, की जगातील बहुतेक देशांत लोकांना बाहेरची माणसे नकोच असतात, तेव्हा आपण काही जगावेगळे करीत नाही. या एवढ्या आधारावर दोन घराण्यांची नावे यादीतून कमी होणार होती. एक घर तीन पिढ्यांमागे उदगीरकडून आलेले; दुसरे किनारपट्टीकडून आलेले, घरी कोकणी बोलणारे, आणि उत्सवाच्या दिवशी आपली खानावळ बंद ठेवून प्रसादाचे रांधप अंगावर घेणारे. हे नियमात बसते की नाही, एवढेच मला सांगावयाचे होते. परंतु त्या चिठ्ठीवरील प्रश्न माझ्या मनातून जाईना. म्हणून कात्रणाच्या मुळाशी असलेली मापे पाहिली. ती पाहून जे वाटले ते येथे मांडीत आहे.

या मापांत जुने आणि प्रसिद्ध असे एक ‘जागतिक मूल्य सर्वेक्षणा’तले आहे. त्यात माणसासमोर एक यादी ठेवतात व विचारतात, की यांपैकी कोण तुम्हांला शेजारी म्हणून नको? यादीत दारुडे असतात, अमली पदार्थांचे व्यसनी असतात, आणि त्यांच्याच पंगतीला परदेशातून आलेले कामकरी, परवंशाचे लोक व परधर्मीय बसविलेले असतात. ही पंगतच आधी आक्षेपार्ह आहे. ज्या यादीतील पहिल्या दोन नावांवर कोणीही सद्गृहस्थ मान हलविणार, तिच्यातील तिसऱ्या नावावर त्याची मान आपसूक हलली तर त्यात द्वेष किती आणि वाहत जाणे किती? न्यायालयात अशी प्रश्नमालिका कोणी वाचू लागला तर प्रतिपक्षाचा वकील पहिल्या मिनिटास उभा राहील.

२०१३ साली याच सर्वेक्षणातील परवंशाच्या शेजाऱ्याविषयीच्या उत्तरांवरून अमेरिकेतील एका मोठ्या वर्तमानपत्राने जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. भारतातील ४३.५ टक्के लोकांना परवंशाचा शेजारी नको, असे त्यात होते, आणि आपल्याकडे त्यावर पुष्कळ मान खाली घालणे झाले. हाँगकाँगचा आकडा तर ७१.८ होता. थोड्याच दिवसांत उघडकीस आले, की हाँगकाँगच्या आकड्यात ‘होय’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल झाली होती. खरा आकडा २६.८ एवढाच. बांगलादेशाच्या ७१.७ विषयीही तशाच उलटापालटीचा संशय घेतला गेला. एका अख्ख्या शहराच्या कपाळी लागलेला डाग कोणा कारकुनाच्या चुकलेल्या रकान्यातून आला होता. भारताचा आकडा उलटा झाला होता असे माझे म्हणणे नाही. परंतु ‘परवंशाचा’ हा शब्द आपल्या भाषांत कसा विचारावयाचा? ‘वंश’ म्हटले की आपल्या लोकांसमोर वंशावळ येते, कुलदैवत येते. ‘जात’ म्हटले की प्रश्नच बदलतो. इंग्रजी शब्दाला येथे सरळ जोड नाही. त्या नकाशावर याचा मागमूसही नव्हता.

शब्दांचीच गोष्ट निघाली आहे तर घरचा अनुभव सांगतो. आमच्या चुलत आजी कमठाण्यास राहतात. वय पंचाऐंशीच्या आसपास. त्यांच्याकडे एकदा एक विद्यार्थिनी हातात पाटीएवढे यंत्र घेऊन असेच प्रश्न विचारीत आली. मुलगी सभ्य, पण घाईत. तिने कानडीत ‘वलसे बंदवरु’ शेजारी चालतील काय, असे विचारले. शब्दशः पाहता त्याचा अर्थ वस्ती हलवून आलेले लोक. आजींना कानडी उत्तम कळते, आणि उत्तर त्या मराठीत देतात. आमच्या बाजूस यात कोणासही नवल वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले ते ऊस तोडावयास येणारे लोक. त्या म्हणाल्या, “अगं बाई, ते दिवाळीनंतर येतात नि पाडव्याच्या आधी पालं उचलून जातात. शेजारी म्हणायचा तर रात्री हाक मारल्यावर ओ देणारा हवा ना, बारा महिने?” मुलीने विचारले, “म्हणजे नकोत?” आजी म्हणाल्या, “नकोत असं कसं म्हणू? पण शेजारी नव्हेत ते.” मुलीने यंत्रावर बोट ठेवले. कोठे ठेवले ते मी जवळच बसलो असल्यामुळे पाहिले: ‘नकोत’. त्याच संध्याकाळी त्या पालांतील एका बाळंतिणीसाठी आजींच्या घरून डिंकाचे लाडू गेले. ते कोणत्याही रकान्यात गेले नाहीत.

मराठीत तरी या माणसासाठी एक शब्द कोठे आहे? ‘स्थलांतरित’ हा सरकारी कागदावरचा शब्द. तो ऐकून धरणग्रस्त आठवतात. ‘परप्रांतीय’ म्हटले की मुंबईचे राजकारण आलेच. ‘उपरा’ या शब्दात उत्तर आधीच भरलेले आहे. आणि ‘परदेशी’? मराठवाड्यात व आमच्या सीमेवर परदेशी हे आडनाव आहे. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी उत्तरेकडून येऊन येथलीच झालेली ही घराणी. ‘परदेशी शेजारी चालेल काय’ असे विचारले तर आमच्याकडचा मनुष्य सांगेल, “चालेल काय म्हणजे? आहेतच की, भले लोक आहेत,” आणि भारताचा आकडा एकाएकी सुधारेल. गोव्यात ‘भायलो’ म्हणतात, त्यात केवळ बाहेरून आलेला एवढाच अर्थ नाही, आणि ‘घांटी’ म्हटले की सह्याद्रीच्या वरचा प्रत्येक मराठी वाचक कान टवकारतो. या दोन्ही भाषांच्या वाचकांपुढे मी बोलत आहे म्हणून ही शब्दांची यादी पुरेशी बोलकी ठरेल असे वाटते.

यापेक्षा खोल जाणारा आक्षेप दुसऱ्या एका मापावर आहे. एमरी बोगार्डस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली ‘सामाजिक अंतरा’ची पट्टी बसविली. परक्या गटातील माणूस विवाहाने आप्त म्हणून चालेल काय, मित्रमंडळात चालेल काय, शेजारी, व्यवसायबंधू, नागरिक, निदान पाहुणा म्हणून तरी, की देशातच नको, अशा तिच्या सात पायऱ्या. गृहीत असे, की जो वरच्या पायरीवर परक्यास घेतो तो खालच्या सर्व पायऱ्यांवर घेतोच, आणि विवाह ही सर्वांत वरची पायरी. आज गॅलप संस्थेचा जो ‘स्थलांतरित-स्वीकार निर्देशांक’ प्रसिद्ध होतो त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. परदेशातून आलेले लोक आपल्या देशात राहणे, ते आपले शेजारी होणे आणि आपल्या जवळच्या नातलगाचे त्यांच्याशी लग्न होणे, या तीन गोष्टी चांगल्या की वाईट, असे ते विचारतात. ‘चांगले’ला तीन गुण, ‘वाईट’ला शून्य, एकूण नऊपैकी. २०१९ मध्ये कॅनडा ८.४६ घेऊन अग्रभागी होता आणि उत्तर मॅसिडोनिया १.४९ वर तळाशी. उत्तर देणारा आपण होऊन ‘ते प्रसंगावर अवलंबून आहे’ असे म्हणाला तर त्याला एक गुण मिळतो. उभ्या आयुष्यात अशिलांना हेच एक उत्तर देत आलेल्या माझ्यासारख्यास ही गुणवाटणी लागली नसती तरच आश्चर्य!

परंतु थट्टा राहू द्या. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे दोन शब्द ज्या भाषेत शेकडो वर्षे निरनिराळे आहेत त्या समाजात ही पट्टी सरळ उभी राहत नाही. आपल्याकडे शेजार हा एक विषय आणि सोयरीक हा दुसरा. आमच्या गल्लीत मराठा, लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती अशी घरे भिंतीला भिंत लागून पिढ्यान्‌पिढ्या आहेत; अडीअडचणीला धावून जाणे आहे, उसनेपासने आहे, एकमेकांच्या मयताला जाणे आहे. यांच्यांत सोयरीक मात्र नाही. यावरून ते एकमेकांस परदेशी मानतात असे कोण म्हणेल? उलट, सातशे मैलांवरून आलेले आपल्याच ज्ञातीचे स्थळ दहा मिनिटांत पसंत पडते, मग त्याचा मुलगा न्यू जर्सीत जन्मलेला का असेना. म्हणजे लग्नाचा प्रश्न येथे बाहेरच्या देशाविषयीचे मन मोजीतच नाही. तो जातीविषयीचे मन मोजतो. ज्या दोषाबद्दल आपणांस खरोखर लाज वाटावयास हवी तो एक, आणि ज्याबद्दल गुण कापले गेले तो दुसराच. मी आपल्या समाजास दोषमुक्त करीत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. आरोपपत्रातील कलम चुकले आहे, इतकेच माझे म्हणणे. आणि कलम चुकले की खरा अपराधही सुटून जातो.

आणखी एक गंमत. आपल्या जनगणनेत स्थलांतरित कोण, याची व्याख्या आहे: जो पूर्वी दुसऱ्या ठिकाणी राहत होता तो. २०११ च्या गणनेत असे सुमारे ४५ कोटी लोक निघाले, आणि स्त्रियांच्या बाबतीत याचे सर्वांत मोठे कारण निघाले विवाह. म्हणजे आपल्या देशातील सर्वांत मोठा स्थलांतरित वर्ग कोणता, तर सून! आमच्या चुलत आजींचेच पाहा. त्यांचे माहेर उदगीर तालुक्यातले. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा उदगीर आणि बीदर एकाच जिल्ह्यात होते, हैदराबाद संस्थानाच्या बीदर जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात आले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. आजी चुलीपुढे बसल्या होत्या तेथेच बसून राहिल्या आणि परराज्यातून आलेल्या झाल्या. सीमेचा वाद १९६७ च्या महाजन आयोगाने मिटविला नाही आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही अद्याप मिटवू शकलेला नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यात मी येथे शिरत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की माणूस हलल्यानेच परका होतो असे नाही. कधी रेघ हलते.

आता ‘कमी करावेत की वाढवावेत’ या प्रश्नाकडे वळू. आंतरराष्ट्रीय सामाजिक सर्वेक्षणाने १९९५ पासून राष्ट्रीय अस्मितेच्या प्रश्नावलीत हा प्रश्न ठेवला आहे: आपल्या देशात येणाऱ्यांची संख्या खूप वाढवावी, थोडी वाढवावी, आहे तितकीच ठेवावी, थोडी घटवावी, की खूप घटवावी? प्यू संस्थेने २०१८ साली २७ देशांत जवळजवळ हेच विचारले, तेव्हा मधल्या देशाचा आकडा असा पडला: कमी वा मुळीच नको म्हणणारे ४५ टक्के, आहे तितकेच म्हणणारे ३६, वाढवा म्हणणारे १४. कात्रणातील ‘जगात सर्वत्र’ हे अशाच आकड्यांतून निघते. परंतु ‘आहे तितके’ म्हणजे किती? स्वित्झर्लंडमध्ये लोकसंख्येचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग परदेशी नागरिकांचा आहे; जपानात तीन टक्क्यांच्या आसपास. तेथला ‘आहे तितकेच पुरे’ म्हणणारा आणि येथला ‘आहे तितकेच पुरे’ म्हणणारा एकाच रकान्यात बसले तरी एकाच मताचे नाहीत. ज्याच्या ताटात चार भाकऱ्या आहेत आणि ज्याच्या ताटात अर्धी आहे, त्या दोघांनी ‘आता नको’ म्हटले तर दोघांची भूक सारखी ठरत नाही.

जुन्या हैदराबाद संस्थानचे कागद वाचणाऱ्या वकिलाला यात एक ओळखीची अडचण दिसते. संस्थानात हाली शिक्क्याचा रुपया चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. रुपया म्हटला तरी कोणता, हे पाहिल्यावाचून गहाणखताची रक्कम सांगता येत नाही. ही पहिली अडचण, मापाच्या एककाची. दुसरी सालाची. खतावर फसली १३४० लिहिलेले असते. ते इसवी सनाचे १९३०–३१. फसली आणि इसवी यांचे वर्ष लांबीने सारखेच, पण आरंभ निराळा. म्हणून फसली सालातील दोन खतांमधले अंतर तुम्ही बिनधोक काढू शकता: दहा वर्षे ती दहाच वर्षे. परंतु फसलीतील एक साल आणि इसवीतील एक साल शेजारी ठेवून कोणते आधीचे असे विचारलेत, तर ५९० वर्षांची चूक होईल. संख्याशास्त्रज्ञ मापांची समतुल्यता म्हणून जे तपासतात ते नेमके हेच आहे. एकक सारखे आहे काय, ही एक परीक्षा. शून्य सारखे आहे काय, ही दुसरी आणि अधिक कठीण. पहिली उतरली तर एका देशातील वाढघट दुसऱ्या देशातील वाढघटीशी ताडून पाहता येते. दुसरी उतरली तरच पातळ्यांची तुलना, म्हणजे उतरंड, लावता येते. वर्तमानपत्रांना मात्र उतरंडच हवी असते.

शून्य कसे सरकते याचे एक ठळक उदाहरण चीन आणि मेक्सिको यांचे आहे. सरकारी कारभारात तुमचे किती चालते, असे दोन्हीकडे विचारले तेव्हा चिनी लोकांनी स्वतःस मेक्सिकन लोकांपेक्षा अधिक गुण दिले. मग संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक युक्ती योजली: काही काल्पनिक माणसांच्या छोट्या हकीकती सर्वांना सारख्याच वाचून दाखविल्या आणि या माणसाचे किती चालते ते सांगा म्हटले. त्या मोजपट्टीवर बसवून पाहताच क्रम उलटला. चिनी माणसाच्या अपेक्षाच मुळात खालच्या होत्या. बाहेरून आलेल्यांच्या प्रश्नाला ही हकीकतीची युक्ती मला सर्वांत आशादायक वाटते, आणि तिचे कारण शास्त्रीय नसून व्यावसायिक आहे: न्यायालयातही आपण ‘चोर’ या कल्पनेवर निकाल देत नाही, समोरच्या इसमाच्या हकीकतीवर देतो.

नाव आणि कल्पना यांच्यातील हे अंतर किती असते, ते लापिएर या प्राध्यापकाने १९३४ साली दाखविले. तो एका चिनी दांपत्याबरोबर अमेरिकेभर फिरला. सुमारे अडीचशे उतारगृहे व उपाहारगृहे. एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्याने त्याच ठिकाणांना पत्रे पाठविली: चिनी गिऱ्हाईक घ्याल काय? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक म्हणाले, नाही. आणि हार्टली या दुसऱ्या एकाने १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर अस्तित्वातच नसलेल्या तीन राष्ट्रांची नावे यादीत घुसविली. लोकांनी त्यांच्याविषयीही नापसंती नोंदविली! कोरा प्रश्न विचारला की मनुष्य आपल्या मनातील भुताला उत्तर देतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग ही सारी सर्वेक्षणे टाकून द्यावीत काय? तसे मला वाटत नाही. युरोपीय सामाजिक सर्वेक्षण २००२ पासून चालू आहे, आणि त्याच्या प्रश्नांची रचना पाहिली तर आदर वाटतो. बहुसंख्यांच्याच वंशाचे लोक, निराळ्या वंशाचे लोक, युरोपाबाहेरील गरीब देशांतले लोक, अशी ते निरनिराळी विचारणा करतात. देशाचा आर्थिक लाभ, सांस्कृतिक जीवन आणि एकूण राहणीमान या तीन बाजू वेगळ्या ठेवतात. आणि २००२ मधील विशेष प्रश्नांचा मोठा भाग २०१४ मध्ये पुन्हा विचारला, जेणेकरून एकाच देशाचे मन काळाबरोबर कसे बदलले ते दिसावे. यातून मिळते ते ज्ञान आहे, वावदूकपणा नव्हे. माझी तक्रार तेथे सुरू होते, जेथे तेच आकडे एका ओळीत उभे करून गुणानुक्रम लावला जातो, आणि तो क्रम कोणाच्या तरी घरावर फिरवावयास वापरला जातो.

आमच्या बीदरला तरी हा विषय नवा नाही. महमूद गावान इराणातील गिलान प्रांतातून आला. १४५३ च्या सुमारास बीदरला पोहोचला, बहमनी राज्याचा वजीर झाला, १४७२ मध्ये त्याने तो प्रसिद्ध मदरसा उभारला. आणि १४८१ मध्ये बनावट पत्राच्या पुराव्यावर त्याचा शिरच्छेद झाला. दरबारात त्या काळी आफाकी म्हणजे बाहेरून आलेले आणि दख्खनी म्हणजे येथले असे दोन तट होते. पत्र बनविणारे दख्खनी तटाचे. परंतु त्या ‘येथल्यां’त तरी कोण होते? काही पिढ्यांपूर्वी उत्तरेकडून आलेल्यांचे वंशज, हबशी, नवे धर्मांतरित. आधी आलेला नंतर आलेल्यास परका म्हणत होता. त्याच मुलखात, गाणगापुरास, श्रीनृसिंहसरस्वती येऊन राहिले. त्यांचे जन्मस्थान वऱ्हाडातील कारंजे. त्यांचे चरित्र मराठीत लिहिणारे सरस्वती गंगाधर कडगंचीचे, आणि त्यांची घरची भाषा कानडी होती असे मानले जाते. आजही आम्ही ते चरित्र सप्ताह लावून वाचतो. त्यात बीदरचा यवन राजा स्वामींच्या दर्शनास येतो तो प्रसंगही वाचतो. गोव्यातील वाचकांना तर सांगावयास नको. मंगेश १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. देव रातोरात नदी ओलांडून गेले आणि ज्या गावांनी त्यांस जागा दिली तेथलेच झाले.

कायद्याने निदान एक प्रामाणिकपणा दाखविला होता. निजामी मुलकी नियमांत मुलकी कोण याची व्याख्या होती: जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला, किंवा पंधरा वर्षे राहून परत जाण्याचा इरादा सोडल्याचे प्रतिज्ञापत्र देणारा. तो नियम कसा राबविला गेला यावर १९५२ च्या सप्टेंबरात हैदराबादेत आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणापुरती वास्तव्याची अट घालणारा केंद्रीय कायद्याचा भाग अवैध ठरविला, कारण संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने राज्यांतर्गत प्रदेशासाठी तशी अट घालण्यास वाव दिलेला नव्हता. आमच्या जिल्ह्यांसाठी २०१२ च्या अठ्ठ्याण्णवाव्या दुरुस्तीने ३७१(ज) हा अनुच्छेद आला, त्यातही ‘स्थानिक’ म्हणजे कोण हे लिहून ठेवावे लागलेच. मायरन वीनर यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात आसाम आणि छोटा नागपूर यांच्याबरोबर हैदराबादचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले ते हे, की बाहेरच्यांविषयीचा राग केवळ त्यांच्या संख्येबरोबर वाढत नाही. नव्याने शिकलेल्या स्थानिक तरुणास ज्या नोकऱ्या हव्यात त्या बाहेरच्यांच्या हाती असल्या की तो उसळतो. अशी गोष्ट ‘शेजारी चालेल काय’ या प्रश्नातून कधीही कळणार नाही.

१६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौलही येथे आठवतो. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित राहणे. फुलाला १,३८,१७० मते, दोन पानांना १,७२,१९१. स्वतंत्र राज्य हवे असणाऱ्यांसाठी तिसरे चिन्ह नव्हते. त्यांनाही पानेच घ्यावी लागली, आणि त्यांचे राज्य व्हावयास १९८७ चा मे उजाडावा लागला. त्या निकालाचा अर्थ ‘गोवेकरांना मराठी माणूस नको’ असा काढणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. प्रश्न तो नव्हताच. दोन्ही बाजूंना मते देणाऱ्यांच्या घरात देवापुढे म्हटली जाणारी आरती बहुधा एकच होती.

देवस्थानच्या मंडळास मी लेखी सल्ला दिला, की चिठ्ठीवरील मते नियमबदलास आधार म्हणून धरू नयेत. सभेत मी दुसरी एक गोष्ट केली. ‘बाहेरचे’ हा शब्द बाजूस ठेवून त्या दोन घराण्यांची नावे घेतली व विचारले, यांना काढावे काय? क्षणभर कोणी बोलेना. मग ‘नाही’वर खूण केलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी जरा चिडूनच विचारले, “वकीलसाहेब, ते बाहेरचे कुठं? आम्ही बाहेरच्यांबद्दल बोलत होतो.” मग ‘बाहेरचे’ म्हणजे नेमके कोण, असे मी त्यांना विचारले. त्यांना एकही नाव सांगता येईना. कात्रण जोडणारे गृहस्थ मात्र म्हणाले, की आकडे तर आकडेच आहेत.

शेवटी नवी चिठ्ठी काढावी असे ठरले. तिचा मसुदा मी केला. किती वर्षांचे वास्तव्य, उत्सवाची कोणती सेवा, मंडळाचे कोणते काम, असे स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि दोन काल्पनिक घराण्यांच्या हकीकतीही आहेत. चिटणिसांचे म्हणणे पडले, की ती दोन पानांची होते आणि छपाईचा खर्च वाढतो. मग कानडी प्रतीसाठी ‘बाहेरचा’ला कोणता शब्द घ्यावा यावर चर्चा सुरू झाली. कोणी ‘होरगिनवरु’ म्हणाले, कोणी म्हणाले त्याने तर परका असाच अर्थ होतो. रात्र पुष्कळ झाली. खानावळीतून चहा आला, तो त्या कोकणी घरातल्याच मुलाने आणला. मसुदा पुढील सभेवर ठेवला आहे.